ग्रहनिरीक्षण-गणक (ऑनलाइन)

ग्रहनिरीक्षण-गणक : एखादा ग्रह, त्याचे चंद्र किंवा त्याच्या पृष्ठावरची एखादी खूण ठरावीक गावातून केव्हा आणि आकाशात कोठे दिसेल, हे सांगणारी संगणकीय साधने. ती संकेतस्थळांवर किंवा मोबाइल अ‍ॅपच्या रूपात, बहुतेक वेळा मोफत मिळतात. हौशी निरीक्षकाचे प्रश्न दोन जातींचे असतात. ग्रह केव्हा उगवतो, किती उंच चढतो, केव्हा मावळतो, यांची उत्तरे गावागणिक बदलतात. गुरूचा मोठा लाल डाग केव्हा समोर येतो किंवा आयो या चंद्राची सावली गुरूच्या बिंबावर केव्हा पडते, याला मात्र गाव लागत नाही. ग्रह क्षितिजावर असला की ती घटना यवतमाळ, पुणे आणि गुवाहाटी येथे भारतीय प्रमाणवेळेनुसार एकाच मिनिटाला दिसते. गणक वापरताना होणारे बहुतेक गोंधळ हा भेद न पाळल्याने होतात. येथे यवतमाळ जिल्हा उदाहरणासाठी घेतला आहे.

पूर्वपीठिका : ग्रहांची स्थाने आयती मिळावीत ही गरज महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) हे वर्ष आरंभाला धरून रचलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ ज्या-चापांचे किचकट गणित टाळतो. त्या सोयीमुळेच इथल्या पंचांगकर्त्यांनी तो शतकानुशतके वापरला. पुढे गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे मराठी पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध केले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनीही आधुनिक मूलांकांवर ग्रहगणिताचे ग्रंथ लिहिले. पंचांग दृक्प्रत्ययी हवे, म्हणजे त्यात लिहिलेले आकाशात तसेच दिसले पाहिजे, हा या पंचांगसुधारणेच्या चळवळीचा आग्रह होता. लोकमान्य टिळकही त्याच बाजूचे होते. ऑनलाइन गणकांना हीच कसोटी लावली पाहिजे. पडद्यावरचा आकडा सुबक दिसतो म्हणून त्याला सूट देण्याचे कारण नाही.

गणिताचा आधार : मोठ्या गणकांमागे अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ग्रहस्थितीची कोष्टके असतात. त्यांपैकी ‘डीई ४४०’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच संस्थेची ‘होरायझन्स’ सेवा १९९६ पासून चालू आहे. छोटे गणक बहुधा ‘व्हीएसओपी ८७’ या फ्रेंच सिद्धान्तावर किंवा बेल्जियन गणितज्ञ जाँ मेअस यांच्या पुस्तकातील त्याच्या संक्षिप्त रूपावर चालतात. घरच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला या दोहोंतील फरक जाणवत नाही. जाणवतो तो आपणच भरलेल्या माहितीतला दोष.

स्थान आणि वेळ : यवतमाळ शहर सुमारे २०°२४′ उत्तर अक्षांश व ७८°८′ पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशाची, म्हणून यवतमाळची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा साडेसतरा मिनिटे मागे असते. अनेक गणकांच्या यादीत जवळचे मोठे शहर म्हणून नागपूरच सापडते. ते निवडले तर ग्रहाच्या मध्यमंडलावर (आकाशाच्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) येण्याच्या वेळेत सुमारे चार मिनिटांची चूक होते. जिल्ह्याच्या आतही वणी आणि पुसद यांत साडेपाच मिनिटांचा फरक आहे. ग्रह डोळे भरून पाहायचा तर या मिनिटांना काही किंमत नाही. चंद्राआड ग्रह जाण्याच्या पिधानाची वेळ टिपायची असेल तर मात्र आपल्याच गावाचे अक्षांश-रेखांश हवेत.

रेखांशाचे चिन्ह चुकले आणि पूर्वेऐवजी पश्चिम भरले गेले, तर गणक आपल्याला क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात नेऊन बसवतो आणि तिथली वेळ तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. दुसरी नेहमीची चूक जागतिक वेळेची. तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात हे सर्वांना ठाऊक असते, पण तारीख बदलते हे निसटते. २० तारखेला २०:०० वाजता अशी नोंद असेल, तर यवतमाळात ती २१ तारखेची पहाटपूर्व दीडची वेळ असते. दुर्बीण २१ च्या रात्री लावून उपयोग नाही.

भरलेले स्थान बरोबर आहे का, हे काठीने तपासता येते. यवतमाळात २२ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १४ मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गणकाचे उत्तर याच्याशी जुळले की ग्रहांबाबतही निश्चिंत राहावे. शून्यसावलीचा जुलैमधला दुसरा दिवस बहुधा ढगांत जातो.

क्षितिज : उदय-अस्ताच्या वेळा सपाट क्षितिज गृहीत धरून काढलेल्या असतात. वातावरणीय वक्रीभवनासाठी ३४ कला धरतात, डोंगर धरत नाहीत. पुसद डोंगरांनी वेढलेले आहे. यवतमाळच्या अक्षांशावर ग्रह उगवल्यावर तासाला साधारण १४ अंश वर येतो, म्हणजे पाच अंश उंचीचा डोंगर ग्रहाला वीस मिनिटे अडवतो. बुधासाठी ही अडचण फार मोठी असते. त्याचे सूर्यापासूनचे कोनीय अंतर २८ अंशांच्या पलीकडे जात नाही आणि आपल्याकडचा संधिप्रकाश लवकर सरतो. बुधाचा अस्त गणकात पाहण्यापेक्षा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने त्याची उंची किती असेल ते पाहावे.

उंचीचा उलटा प्रश्नही आहे. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या समोरासमोर येण्याच्या) वेळी गुरू यवतमाळच्या खमध्यापासून जेमतेम दोन अंशांवरून गेला. हवेचा अडथळा तेव्हा सर्वांत कमी होता आणि गणकाने ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणून तीच दाखवली. पण डॉब्सोनियन दुर्बीण थेट डोक्यावर नीट वळत नाही. अशा दुर्बिणीच्या मालकाने तास-दीड तास आधीची किंवा नंतरची वेळ घ्यावी.

गुरू व मंगळ : गुरूच्या लाल डागाचे गणक सर्वांत लोकप्रिय आहेत, ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकाचा गणक बरीच वर्षे वापरात आहे. गुरू ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंदांत स्वतःभोवती फिरतो. पाच फेऱ्यांना दोन दिवस आणि सुमारे १ तास ३८ मिनिटे लागतात, म्हणून डाग आज रात्री नऊला मध्यावर असेल तर परवा तो १०:३८ च्या आसपास तिथे येईल. मध्याच्या आधी व नंतर पाऊणएक तास तो नीट दिसतो. मात्र हा डाग गुरूवर एका जागी स्थिर नाही, तो सरकतो. त्याचे चालू रेखांश कोणत्याही सिद्धान्तातून निघत नाहीत. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी छायाचित्रांवरून मोजून दिलेले रेखांश गणकात घालावे लागतात. तो आकडा १० अंशांनी शिळा असेल, तर उत्तर सोळा-सतरा मिनिटांनी चुकते. तेव्हा गणक शेवटचा केव्हा अद्ययावत झाला, हे आधी पाहावे.

गुरूच्या चंद्रांची ग्रहणे हे या विषयातले जुने वेळापत्रक होय. त्यांत पडणाऱ्या तफावतीवरूनच ओले रोमर यांनी १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे ओळखले. जॉन गोल्डिंगहॅम यांनी मद्रास वेधशाळेचे रेखांश ठरवायला हीच ग्रहणे वापरली. तेव्हा घटना पाहून ठिकाण काढत. आज ठिकाण मोबाइलच सांगतो.

मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तासांपेक्षा सुमारे ३७ मिनिटे जास्त लागतात. रोज त्याच वेळी दुर्बीण लावली तर त्याचा मध्यरेखांश (बिंबाच्या मध्यावर दिसणारा रेखांश) रोज साडेनऊ अंशांनी मागे पडत जातो आणि तोच प्रदेश पुन्हा समोर यायला पाच-सहा आठवडे लागतात. सिर्टिस मेजर हा काळसर पट्टा पाहायचा असेल तर ‘विनजुपॉस’सारख्या मध्यरेखांश सांगणाऱ्या साधनाला पर्याय नाही.

ऋतू : कोणताही गणक ढगांची हमी घेत नाही. जून ते सप्टेंबर विदर्भाचे आकाश बहुतांशी झाकलेले असते, त्यामुळे या महिन्यांतल्या वेळा कागदावरच राहतात. शनीची ४ ऑक्टोबर २०२६ ची प्रतियुती परतीच्या पावसाच्या काठावर येते. फेब्रुवारी २०२७ मध्ये मात्र गुरू आणि मंगळ (प्रतियुती १९ फेब्रुवारी) दोघेही सिंह तारकासमूहात, मध्यरात्रीच्या सुमारास यवतमाळच्या जवळजवळ डोक्यावर असतील. मंगळाचे बिंब तेव्हा १४ विकलांहून किंचित लहान असेल.