क्रूझ जहाजावरची केबिन एवढी लहान का असते? जहाजाचं डिझाइन नेमकं कुणासाठी ठरतं?

परभणीत रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी. तिथून जवळच बॅलार्ड पिअर आणि तिथेच मुंबईचं क्रूझ टर्मिनल. त्यामुळे समुद्र लांब असला तरी क्रूझची सफर आता मराठवाड्यातल्या कुटुंबांच्याही चर्चेत येते. रीलमध्ये स्विमिंग पूल, रोषणाई, मोठ्ठं जेवणघर दिसतं. प्रत्यक्षात केबिनचं दार उघडल्यावर मात्र अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "एवढीच खोली?"

याचं उत्तर जहाजाच्या जन्मकथेत आहे.

हे जहाज मुळात कुणाचं?

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने मुंबईहून 'एम्प्रेस' हे जहाज सुरू केलं. ते फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं आणि १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडून समुद्रात उतरलं. काम एकच होतं. मायामीहून अमेरिकन प्रवाशांना तीन-चार रात्रींसाठी बहामाज बेटांवर फिरवून आणायचं.

इतक्या कमी दिवसांत प्रवासी खोलीत फक्त झोपायला येतो, असा हिशेब होता. म्हणून केबिन आटोपशीर ठेवल्या आणि जागा दिली ती डेक, रंगमंच, कसिनो आणि जेवणघराला. बाल्कनीच्या केबिन थोड्याच.

त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेलं 'आंग्रिया' हेसुद्धा जपानमध्ये बांधलेलं जुनं जहाज होतं. नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून, पण सांगाडा जपानी प्रवाशांसाठी आखलेला.

जहाजात जागा कशी मोजतात?

क्रूझ जहाजाचं 'ग्रॉस टनेज' म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या आतल्या एकूण बंदिस्त जागेवरून काढलेला तो आकडा आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती जागा येते, याचा अंदाज मिळतो.

एम्प्रेसचं टनेज सुमारे ४८,५००. एका केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी सुमारे १,६००. म्हणजे माणशी ३०. 'आयकॉन ऑफ द सीज' या २०२४ मध्ये सुरू झालेल्या अवाढव्य जहाजाचं टनेज २,४८,६६३ आणि दोघांच्या हिशेबाने प्रवासी ५,६१०. म्हणजे माणशी ४४. पण तेच जहाज सुमारे ७,६०० प्रवाशांनी पूर्ण भरलं, तर हा आकडा ३३ च्या आसपास येतो. मोठं जहाज म्हणजे ऐसपैस जागा, असं समीकरण नाही.

प्रवाशांनी मागितलं म्हणून जहाजं बदलली का?

हो, बरीच बदलली. १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजात सगळ्या प्रवासी केबिन बाहेरच्या बाजूला होत्या. पुढे बाल्कनीची मागणी इतकी वाढली की नव्या जहाजांचा आकारच त्याभोवती ठरू लागला. एकट्याने फिरणाऱ्यांना दोघांचे पैसे भरावे लागत. २०१० मध्ये 'नॉर्वेजियन एपिक'ने खास एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन दिल्या. बिनखिडकीच्या केबिनमध्ये जीव गुदमरतो, या तक्रारीवर २०११ च्या 'डिस्ने ड्रीम'ने गोल पडदे बसवले. बाहेरच्या कॅमेऱ्यातून त्यांवर समुद्र दिसतो.

पण प्रत्येक इच्छा पुरवता येत नाही. मजले वाढवले की जहाज वरच्या बाजूला जड होतं, मग स्थिर राहण्यासाठी रुंदी वाढवावी लागते. पनामा कालव्याच्या जुन्या दारांमधून जास्तीत जास्त ३२.३ मीटर रुंदीचंच जहाज जाई. २०१६ मध्ये रुंद दारं सुरू होईपर्यंत ही मर्यादा असंख्य जहाजांना पाळावी लागली. शिवाय टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार झाला. लाइफबोटी, आग अडवणाऱ्या भिंती, बाहेर पडायचे मार्ग यांत तडजोड चालत नाही.

मग भारतीय प्रवाशांच्या इच्छेचं काय?

आपल्याकडे आजी-आजोबा, मुलं, नातवंडं असं सगळं घर एकत्र निघतं. शाकाहारी आणि जैन स्वयंपाक वेगळा लागतो. यातल्या काही गोष्टी जुन्या जहाजावरही बदलता येतात. जेवण बदललं, कार्यक्रम हिंदीत आले, जैन जेवणाचीही सोय झाली. पण खोल्यांच्या भिंती, दारांची रुंदी, बाल्कनी हे एकदा बांधलं की बदलणं फार खर्चाचं.

कॉर्डेलियाकडे येणार म्हणून २०२५ मध्ये जाहीर झालेली 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही जहाजंही अनुक्रमे १९९९ आणि २००१ ची. ती एम्प्रेसपेक्षा मोठी आहेत, पण आखलेली दुसऱ्यांसाठीच. मराठी किंवा गुजराती एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून पहिल्या रेघेपासून आखलेलं मोठं क्रूझ जहाज अजून आलेलं नाही. नवं जहाज बांधायला काही वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो. त्यामुळे बाजार पुरेसा मोठा होईपर्यंत कंपन्या जुनी जहाजं आणणंच पसंत करतात.

बुकिंग करताना काय विचारायचं?

• केबिन बिनखिडकीची, खिडकीची की बाल्कनीची? दरातला मोठा फरक इथेच असतो.
• तिसरा आणि चौथा माणूस कुठे झोपणार? बरेचदा भिंतीतून उघडणारा वरचा बर्थ मिळतो. आजी-आजोबांना तो चढणं अवघड.
• दोन केबिनच्या मधे दार आहे का?
• समुद्र लागतो का? मग मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात.
• व्हीलचेअर लागत असेल, तर केबिनच्या आणि बाथरूमच्या दाराची रुंदी आधीच विचारा.

ही उत्तरं मिळाली की रीलमधलं जहाज आणि प्रत्यक्षातलं जहाज यातला फरक पैसे भरण्याआधीच कळतो. आणि हेच प्रश्न हजारो प्रवासी विचारू लागले, तर पुढचं जहाज आखणाऱ्याला त्यांची दखल घ्यावी लागते. बाल्कनी जहाजावर आली तीही अशीच.