कुंपणाची किल्ली

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती अद्याप आहे. तेथून धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर जेमतेम 45 किलोमीटर. फासे लावून तितर-ससे धरणारे, म्हणून फासेपारधी म्हटले गेलेले लोक या माळरानांवर पिढ्यान् पिढ्या फिरत आले. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही अमलात आला. मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तरी हा कलंक राज्याच्या सीमेपाशी थांबला नाही.

येथे आम्हां ख्रिस्ती वाचकांना थोडे थांबावे लागते. सोलापूरच्या त्या तारांच्या कुंपणातील वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिला, अन्यत्र मुक्तिफौजेने. शाळा काढल्या, काम मिळवून दिले. हेतूही वाईट नसावा. परंतु कुंपणाची किल्ली ज्याच्या हाती, त्याची सेवा आतल्या माणसाला सेवा वाटावी कशी? ते प्रोटेस्टंट होते, आम्ही कॅथलिक, असे म्हणून आमची सुटका होत नाही. कॅनडात आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांपैकी बहुसंख्य कॅथलिकांनी चालवल्या. जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन क्षमा मागितली.

31 ऑगस्ट 1952 रोजी आपल्याकडील कायदा रद्द झाला, संशय मात्र राहिला. 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबईचा कायदा आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गेली. जमीन नाही, गावात थारा नाही. चोरी कोठेही होवो, पोलीस प्रथम पारध्याच्या पालावर.

1993 मध्ये तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आदी कार्यकर्त्यांनी भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानतर्फे या मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे केले. प्रभुणे यांना 2021 चा पद्मश्री किताब मिळाला. त्यांच्या विचारधारेशी आमचे मतभेद आहेत, ते लपवण्याचे कारण नाही. पण ते आधी पालांवर हिंडले, शाळा नंतर आली, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

आम्ही जुने कपडे गोळा करून नेतो. पालावरच्या आईला ते हवेत का, हे सहसा विचारत नाही. बहुधा तिला हवा असतो जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत सोबत येणारा, आणि पोलीस चौकीत ‘हिचा मुलगा काल रात्री इथेच होता’ असे सांगणारा शेजारी.