तबकडीचे फेरे आणि गवयाची पट्टी

जुन्या गाण्याच्या शोकिनांमध्ये एक वाद वारंवार ऐकू येतो. एकाच्या घरी जपून ठेवलेली तबकडी असते, दुसऱ्यापाशी त्याच गाण्याची डिजिटल प्रत असते. दोन्ही पाठोपाठ लावून पाहिल्या की गाणे तेच, गायिका तीच, पण पट्टी मात्र निराळी! एका ठिकाणी ती काळी एकमध्ये गाते, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ पांढरी दोनला जाऊन भिडते. मग तबकडीचा मालक म्हणतो, "अस्सल ते आमच्याकडे", आणि डिजिटल प्रतीचा कैवारी म्हणतो, "यंत्र चुकत नाही." आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. तबकडीवर पट्टी कोरलेली नसतेच. तिच्यावर कोरलेली असते ती एक नागमोडी रेषा. त्या रेषेतून कोणता षड्ज निघावयाचा, हे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते यावर ठरते. हा फेऱ्यांचा इतिहास ठाऊक नसेल तर जुन्या गायकीविषयी आपण जे निष्कर्ष काढतो, त्यांतील कित्येक वाळूवर उभे राहतात.

प्रथम हिशेब पाहू. आमच्याकडील संगीतविषयक पुस्तकांत मध्य सप्तकाचा षड्ज सोयीसाठी सेकंदाला २४० कंपनांचा धरण्याची चाल आहे. तबकडी ७८ फेऱ्यांनी फिरत असता २४० कंपने देणारा षड्ज ७९ फेऱ्यांना २४३ कंपनांचा होतो. २४० आणि २४३ यांचे गुणोत्तर ८० ला ८१, म्हणजे ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात तेच अंतर! मिनिटाला एक फेरा अधिक झाला की गाणे एका श्रुतीने चढते, असे ढोबळपणे म्हणावयास हरकत नाही. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर गाणे अर्ध्या स्वराच्या अगदी जवळ जाईल इतके चढते. शिवाय तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधीच संपते, म्हणजे लयही वाढते. गळ्याचा पोतही बदलतो. भरदार आवाज पातळ होतो आणि प्रौढ गायिका तरुण वाटू लागते.

आता इतिहासाकडे वळू. एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीच्या यंत्राचे पेटंट १८८७ साली मागितले. त्याची आरंभीची यंत्रे हाताने फिरवावी लागत. फेरे सत्तरच्या आसपास ठेवावेत अशी अपेक्षा असे. पण ज्याचा हात जसा चालेल तसे गाणे निघे. १८९६ च्या सुमारास एल्ड्रिज जॉन्सन याने कमानीवर चालणारी मोटर या यंत्राला जोडली आणि ग्रामोफोन खऱ्या अर्थाने घरात आला. वेग आवरण्यासाठी तिच्यात एक नियंत्रक असे. फेरे वाढले की त्याची लहान वजने बाहेर फाकत, त्यांच्या ओढीने एक चकती सरके आणि चामड्याच्या गादीवर घासून वेगाला लगाम बसे. ही गादी किती दाबावयाची हे ठरविणारा खटका बाहेर असे, आणि तो ऐकणाऱ्याच्या हाती असे. चावी उतरत आली की गवई घोगऱ्या आवाजात मंद्र सप्तकाकडे घसरू लागतो, हा अनुभव ज्यांच्या घरी असे यंत्र होते त्यांना सांगावयास नको.

वाजविण्याच्या बाजूला ही स्थिती होती, तशीच ती मुद्रणाच्या बाजूलाही होती. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहरजान व इतर कलावंतांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरविले. त्या काळची मुद्रणयंत्रे खाली उतरत जाणाऱ्या वजनाच्या ओढीने चालत. वजन, नियंत्रक, मेणाचा मऊपणा आणि सुईचा घसारा या साऱ्यांचा परिणाम फेऱ्यांवर होई. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. गाणे कलकत्त्याचे, छपाई जर्मनीची आणि चावी मुंबई-पुण्याची, असा हा प्रवास होता. या वाटेवर मुद्रणाच्या वेळचे फेरे किती होते, हे तबकडीबरोबर सांगण्याची कोणाला गरज वाटली नाही. पहिल्या दोन-अडीच दशकांतील तबकड्या सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी कोरलेल्या सापडतात. कोलंबियाच्या पुष्कळ तबकड्यांवर तर ८० फेऱ्यांचीच सूचना असे. आज त्या सर्वांना सरसकट "अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या" म्हटले जाते. पण हे नाव मागाहून चिकटलेले आहे.

मग ७८ हा आकडा पक्का केव्हा झाला? १९२५ पासून विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले आणि विजेच्या मोटरी आल्या, तेव्हा. पण तेव्हाही तो नेमका ७८ नव्हता. वेग तपासण्यासाठी तबकडीवर रेघांची एक चकती ठेवून ती विजेच्या दिव्याखाली पाहत. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ५० आवर्तनांच्या विजेवर ७७ रेघांची चकती वापरीत, तिने वेग येतो ७७.९२. अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या विजेवर ९२ रेघांची चकती, तिने येतो ७८.२६. विजेच्या जातीप्रमाणे ही दोन प्रमाणे ठरली. गाण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

याच काळात दुसरीकडे काय घडत होते ते पाहण्याजोगे आहे. बर्लिनमध्ये कार्ल स्टुम्फ यांनी १९०० साली ध्वनिसंग्रहालय सुरू केले आणि पुढे एरिख फॉन हॉर्नबोस्टेल यांनी ते वाढविले. तेथील संशोधक मेणाच्या नळकांड्यांवर देशोदेशींचे संगीत उतरवीत. त्यांचा एक साधा दंडक होता. गाणे सुरू होण्यापूर्वी ४३५ कंपनांची एक शिट्टी त्याच मेणावर फुंकून ठेवावयाची. पुढे केव्हाही नळकांडे वाजविताना ती शिट्टी ४३५ वर आणली की सारे गाणे आपोआप आपल्या मूळ पट्टीत येते. दोन क्षणांचे काम! पण ते संग्रहालय होते आणि हा व्यापार होता. व्यापाऱ्याने शिट्टी फुंकली नाही, आणि आपल्या संगीताच्या इतिहासातील एक मोठा पुरावा मापाशिवाय राहिला.

१९४८ साली कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची दीर्घ तबकडी आणली, १९४९ साली आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची आणली. आता तरी घोळ मिटला असे वाटावे. पण चूक फक्त एक घर मागे सरकली, कारण गाणे आता आधी चुंबकीय फितीवर उतरू लागले होते. याचा सुप्रसिद्ध दाखला न्यूयॉर्कचा आहे. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी १९५९ साली निघाली. तिच्या पहिल्या बाजूचे मुद्रण झाले त्या दिवशी मुख्य फीतयंत्र किंचित सावकाश चालत होते. सावकाश भरलेली फीत योग्य वेगाने वाजविली की गाणे चढणारच. जाझ संगीतातील ही सर्वांत मान्यता पावलेली तबकडी; तिच्या साथीने सराव करणाऱ्या वादकांची वाद्ये तिच्याशी नीट जुळत ना. त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवलेल्या फितीवरून १९९२ साली ही चूक सुधारण्यात आली. तेहेतीस वर्षे ज्यांनी ती बाजू ऐकली, त्यांनी ती चढ्या सुरातच ऐकली. येथे जुनी तबकडी आणि नवी डिजिटल प्रत यांत फरक निघतो आणि खरी ठरते ती नवी प्रत.

पण म्हणून डिजिटल प्रत नेहमीच खरी असे मात्र नव्हे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये आवाजाची मापे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असतात. ती डिस्क आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या कडेला सुमारे २०० फेरे घेते. वेग इतका बदलूनही पट्टी रेसभर हलत नाही, कारण मापे आधी साठविली जातात आणि स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. ही स्थिरता थक्क करणारी आहे. परंतु स्थिरता म्हणजे सत्य नव्हे. १९०५ ची एखादी तबकडी ज्याने डिजिटल केली, त्याने ती त्या दिवशी ७८ फेऱ्यांवर ठेवली असेल, तर ती चूकही तितकीच स्थिर होते आणि तिच्या हजारो प्रती निघतात. जुन्या श्रोत्याच्या हाती निदान खटका होता. गळा कृत्रिम वाटला तर तो खटका थोडा मागे घेई. आजच्या श्रोत्याच्या हाती येते ते आधीच ठरविलेले गाणे, आणि ते कोणी व कशावरून ठरविले हे त्याला सांगितलेले नसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वेग बदलला तरी सर्व स्वर एकाच प्रमाणात चढतात; षड्ज-पंचमाचे नाते मोडत नाही, मग रागाचे काय बिघडले? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. त्या अभ्यासात त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. खाँसाहेबांच्या तबकडीवरून कोणी गांधाराची श्रुती मोजू म्हणेल, तर फेरे एकसारखे असले म्हणजे ती मोजता येईल, हे आम्ही मान्य करतो. पण फेरे एकसारखे असतीलच असे नाही. कित्येक जुन्या तबकड्यांचा वेग आरंभी एक आणि शेवटी दुसरा असतो. तबकडीचे भोक मध्यापासून एक मिलिमीटर सरकलेले असेल, तर मध्यापासून दहा सेंटिमीटरवर प्रत्येक स्वर फेऱ्यागणिक एक टक्का वर आणि एक टक्का खाली झुलतो. हे डोलणे जवळजवळ श्रुतीएवढे! ज्या स्वराला गवयाने आंदोलन दिलेच नाही, त्याला ते तबकडीने दिले. आणि नाते शाबूत राहिले तरी पट्टी, लय आणि गळ्याचा पोत ही गायकीचीच अंगे आहेत. पूर्वीचे गवई चढ्या पट्टीत गात, त्यांच्या ताना अधिक जलद असत, असे आपण ठासून सांगतो. त्यात गवयाचा वाटा किती आणि मोटरचा किती, हे आधी वेगळे काढावयास नको काय?

हे वेगळे काढता येते. गाण्यामागे पेटी असेल तर तिचे सूर एक खूण देतात. विजेच्या मुद्रणात कधीकधी विजेचीच मंद गुणगुण ऐकू येते. ती ५० आवर्तनांची असल्याचे ठाऊक असेल, तर तिच्यावरून वेग पडताळता येतो. गौहरजानसारख्या कलावंतांनी गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारून ठेवले आहे. गाणे कितीही कसलेले असो, साधे बोलणे कृत्रिम झाले की कानाला लगेच खटकते. एकाच दिवशी उतरविलेल्या तबकड्या एकमेकींशी ताडून पाहता येतात. यांतील कोणतीही एक खूण निर्णायक नाही. पण चार खुणा एकाच आकड्याकडे बोट दाखवू लागल्या की तो आकडा मानावयास हरकत नसते.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकरांनी तिला जी शिस्त लावून दिली, तिचे मर्म असे की, उपलब्ध पोथ्या ताडून एक पाठ निवडावा. पण जे पाठ सोडले तेही तळटीपेत द्यावेत, म्हणजे वाचकाला आपला निर्णय तपासता येईल. तबकडी ही देखील पोथीच आहे आणि तिचा वेग हा तिच्या पाठाचा भाग आहे. जो कोणी जुने गाणे डिजिटल करील त्याने एवढेच करावे : तबकडी किती फेऱ्यांवर वाजविली, षड्ज किती कंपनांचा आला आणि तो वेग का निवडला, या तीन गोष्टी प्रतीबरोबर लिहून ठेवाव्यात. खर्च एका ओळीचा आहे. १९०२ साली शिट्टी फुंकावयाची राहिली ती राहिली. ही ओळ लिहावयाची राहिली, तर पुढील पिढ्या तो दोष गैसबर्गला देणार नाहीत, आपल्याला देतील.