जपलेल्या मोटारी, घडवलेल्या मोटारी

अमेरिकेतील डेट्रॉइट शहर आणि त्याच्या उत्तरेकडील उपनगरांना जोडणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टमधील तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींचा मेळा भरतो. १९९५ साली सुरू झालेल्या या ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’साठी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासूनच रस्त्याच्या कडेला ठाण मांडतात. अशा मेळ्यात १९३२ सालच्या दोन फोर्ड मोटारी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दिसू शकतात. एक कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच जपलेली. दुसरीचे मडगार्ड काढलेले, छत कापून खाली आणलेले आणि इंजिन भलत्याच कंपनीचे. दोन्ही मालकांचे जुन्या मोटारींवर सारखेच प्रेम असते. तरीही पहिल्याच्या दृष्टीने दुसऱ्याने एक ऐतिहासिक वस्तू बिघडवलेली असते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने पहिल्याची मोटार म्हणजे काचेच्या कपाटातील शोभेची बाहुली असते.

शब्दांचा घोळ

आपल्याकडे कोणत्याही जुन्या मोटारीला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हटले जाते. काटेकोर अर्थाने हा शब्द १९१९ ते १९३० या काळातील मोटारींसाठी वापरतात आणि ही विभागणी मूळची ब्रिटिश आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या लेखी पंचवीस वर्षे पूर्ण झालेले वाहन ‘अँटिक’ ठरते. १९५२ साली स्थापन झालेल्या क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिकेची व्याख्या अधिक सोवळी आहे. ड्युसेनबर्ग, पॅकार्ड यांसारख्या १९१५ ते १९४८ दरम्यानच्या निवडक उंची मोटारींनाच ती ‘फुल क्लासिक’ हा मान देते.

‘स्ट्रीट रॉड’ हा प्रकार या सर्वांहून वेगळा. १९४८ किंवा त्यापूर्वीच्या घडणीचा सांगाडा, परंतु त्यात नवे इंजिन, नवे ब्रेक, बहुधा वातानुकूलनही, आणि उद्देश शर्यतीचा नसून रोजच्या रस्त्यावर सुखाने फिरण्याचा, अशी त्याची रूढ ओळख आहे. या शौकिनांच्या नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनचा पहिला राष्ट्रीय मेळावा १९७० साली इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे भरला. पुढे या संस्थेने १९४८ची अट शिथिल केली.

वाळवंटातील शर्यती

स्ट्रीट रॉडचे मूळ ‘हॉट रॉड’मध्ये आणि हॉट रॉडचे मूळ गरजेत आहे. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने ‘मॉडेल टी’च्या दीड कोटीहून अधिक मोटारी बनवल्या. पुढे त्या जुन्या बाजारात अल्प किमतीत मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी त्यांचे मडगार्ड, दिवे, छत असे सारे अनावश्यक वजन उतरवले आणि मोहावी वाळवंटातील म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत वेगाच्या चाचण्या सुरू केल्या. या चाचण्यांना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनची स्थापना झाली.

याच सुमारास त्यांच्या हाती एक मोठे साधन आले होते. १९३२ साली हेन्री फोर्ड यांनी आठ सिलिंडरचे ‘फ्लॅटहेड व्ही-८’ इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसवले. या इंजिनाचा ठोकळा एकाच ओतकामात तयार होत असल्याने ते स्वस्त पडे. क्षमता सुमारे ३.६ लिटर आणि शक्ती ६५ अश्वशक्ती. ती वाढवण्यास भरपूर वाव होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्रकौशल्य होते आणि खिशात थोडे पैसेही. ‘हॉट रॉड’ हे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले, १९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगसप्ताह सुरू झाला आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन करून रस्त्यांवरील जीवघेण्या शर्यतींना बंदिस्त मैदानाची वाट दाखवली. शेव्हरोलेने १९५५ साली ४.३ लिटरचे सुटसुटीत व्ही-८ इंजिन आणल्यावर मात्र फ्लॅटहेडचे राज्य ओसरले. जुन्या फोर्डमध्ये शेव्हरोलेचे इंजिन हा संकर तेव्हापासून सर्रास दिसतो.

कशी पाहावी मोटार?

स्ट्रीट रॉड पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. खांब कापून छत खाली आणणे म्हणजे ‘चॉपिंग’. सांगाडा चासीवर न ठेवता तिच्याभोवती खाली उतरवणे म्हणजे ‘चॅनलिंग’. आणि सांगाड्याच्या मधली आडवी पट्टी काढून त्याची उंचीच कमी करणे म्हणजे ‘सेक्शनिंग’. ही कामे चांगली झाली असतील, तर जोड कोठे आहे हे सांगता येत नाही.

जपलेल्या मोटारींची कसोटी याच्या नेमकी उलट. अँटिक ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षणात कमाल ४०० गुण असतात आणि मूळ रूपापासून ढळलेल्या प्रत्येक तपशिलासाठी गुण कापले जातात. मोटार विक्रेत्याकडून ग्राहकाच्या हाती पडताना जशी असेल तशी दिसावी, हा निकष. कधीही न उजळलेल्या, जुन्याच रंगातील मोटारींसाठी स्वतंत्र वर्ग आहे, कारण एकदा खरवडलेला मूळ रंग पुन्हा आणता येत नाही.

मुंबईचा धागा

अमेरिकन मोटारींशी मुंबईचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. ती १९५४ पर्यंत चालली. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या जोडल्या. आपल्याकडील व्हिंटेज मेळाव्यांत दिसणाऱ्या अनेक अमेरिकन गाड्यांमागे हा इतिहास आहे.

भारतात कायद्याचा कौल मात्र स्पष्टपणे जतनाच्या बाजूने आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. स्ट्रीट रॉडला या व्याख्येत जागा नाही.

मग या वादात बरोबर कोण? १९३२ सालचा पोलादी सांगाडा एकदा कापला की गेला, हे जतनवाद्यांचे म्हणणे खोडता येत नाही. त्यावर अमेरिकेत एक तोडगा निघाला आहे. अशा सांगाड्यांच्या पोलादी आणि फायबरग्लासच्या नव्या प्रतिकृती बाजारात मिळतात आणि बहुतेक नवी कापाकापी त्यांच्यावरच होते. दुसरीकडे, पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनाने १९९७ साली ऐतिहासिक हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग उघडला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मोटारी ‘बिघडवल्या’ होत्या, त्या आता नेमक्या त्याच बिघडलेल्या रूपात काळजीपूर्वक जपल्या जातात. त्यांतील एखादीला कोणी कारखान्याचे मूळ रूप देऊ लागला, तर आज त्यालाच इतिहास पुसल्याचा दोष दिला जाईल.