मुक्त प्रार्थना आणि माउलीची हाक : नारायण वामन टिळकांची ख्रिस्तोपासना

१

ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात दोन आकांक्षा सतत एकत्र आढळतात. उपासकाला मध्यस्थावाचून देवाजवळ जाता यावे, ही पहिली. जवळ गेल्यावर परक्या दरबारात उभे असल्यासारखे न वाटता आपल्या माणसाशी बोलावे तसे बोलता यावे, ही दुसरी. पहिलीला आपण मोकळीक म्हणू आणि दुसरीला जवळीक. या दोन्ही एकच होत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु त्या एक नव्हेत. एखाद्या परंपरेत मोकळीक पुरेपूर असूनही जवळीक नसणे शक्य आहे, तसेच जवळिकीची भाषा समृद्ध असूनही मंदिराचे दार काहींना बंद असणेही शक्य आहे. महाराष्ट्रात या दोन प्रवाहांची गाठ नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या उपासनेत पडली. ती कशी पडली आणि तिचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत कार्य केले. या मिशनचा वारसा लक्षात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मर्म कळणार नाही. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापुस्तकाची सक्ती झाली, तेव्हा ती न मानणारे सुमारे दोन हजार धर्मोपदेशक आपल्या स्थानांस मुकले. छापील शब्द वाचून केलेली प्रार्थना ही खरी प्रार्थना नव्हे, ती त्या क्षणी अंतःकरणातून निघाली पाहिजे, असा त्यांच्यातील अनेकांचा आग्रह होता. याच विचाराचे लोक त्यापूर्वीच, १६२० पासून, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊन वसले होते. त्यांच्या वंशजांच्या मंडळ्यांतून १८१० मध्ये परदेशी मिशनकार्याची संस्था निघाली आणि तिचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले.

गायनाच्या बाबतीत मात्र या लोकांची मोकळीक उशिरा आली. पवित्र शास्त्रातील स्तोत्रांखेरीज मनुष्यरचित काव्य उपासनेत गावे की नाही, याविषयी त्यांच्यात दीर्घकाळ संकोच होता. आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याने १७०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गीतसंग्रहामुळे तो संकोच मोडू लागला. सामान्य उपासकाने आपल्या काळाच्या भाषेत, आपल्या अनुभवाचे गीत गावे, हा त्याचा आग्रह होता.

इतिहासातील विसंगती अशी की, वॉट्सने ज्या तत्त्वासाठी लेखणी उचलली, त्याच तत्त्वाला त्याच्या परंपरेतील गीते मराठी भूमीवर बाधक ठरली. प्रार्थना मुक्त होती. पाळक स्वतःच्या शब्दांत ती करी. पण मंडळीने एकत्र गाण्याची वेळ आली की भाषांतरित शब्द इंग्रजी चालीवर बसवावे लागत. इंग्रजी पद्याची लय आघातावर उभी असते. मराठीत शब्दावरील आघाताला तसे स्थान नाही. आपले छंद अक्षरसंख्येवर आणि आपली वृत्ते व जाती ऱ्हस्वदीर्घांच्या योजनेवर व मात्रांवर चालतात. त्यामुळे परक्या चालीत शब्द नको तेथे ताणला जाई आणि हवा तेथे तुटे. बुद्धीला पटलेला अर्थ जिभेवर मात्र रुळत नसे. थोडक्यात, मोकळीक आली होती. जवळीक आली नव्हती.

३

ही उणीव टिळकांनीच प्रथम ओळखली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या क्रिस्तपुराणात मराठी पुराणाचा घाट ख्रिस्तचरित्राला दिला होता. परंतु तेथे जवळीक कथेपुरती होती. गोव्यातील चर्चच्या मुख्य विधीची भाषा लॅटिन होती, आणि विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेला वाव देईपर्यंत ती लॅटिनच राहिली. अहमदनगरकडेही कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीवरील गीते आणि कीर्तन टिळकांच्या आधीच मंडळीत आणले होते. तेव्हा देशी छंद आणि देशी चाल वापरण्याचे श्रेय टिळकांकडे जात नाही. त्यांचे वेगळेपण अन्यत्र शोधले पाहिजे.

तुकारामांनी बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. हे उद्गार केवळ कृतज्ञतेचे मानले तर त्यांतील महत्त्वाचा अर्थ निसटतो. पूल ओलांडणारा माणूस आपली वाणी अलीकडच्या तीरावर ठेवून जात नाही. अभंग ही निव्वळ अक्षरांची मोजणी नव्हे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते, एवढे सांगून त्याचे लक्षण पुरे होते. त्याचे कार्य मात्र सांगून होत नाही. शेवटचा आखूड चरण येताच गाणारा थांबतो, धृपद सर्वांच्या मुखी येते आणि टाळ त्याला धरून ठेवतो. एकट्याचे गाऱ्हाणे क्षणात समुदायाचे होते. शिवाय या छंदात देवाशी बोलण्याची एक रीत शतकानुशतके मुरलेली आहे. येथे देवाला ‘तू’ म्हणावयाचे, त्याच्यावर रुसावयाचे, त्याला उणे बोलावयाचे, आणि अखेर लेकराने आईकडे धाव घ्यावी तशी त्याच्याकडे धाव घ्यावयाची. टिळकांनी छंद घेतला तेव्हा त्याबरोबर हे नातेही घेतले.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे त्यांनी ख्रिस्ताला दिलेली संबोधने. मिशनच्या उपासनेत पिता, राजा, प्रभू आणि तारणारा ही संबोधने प्रमुख होती. टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात, माउली म्हणतात, आणि दोन्ही एकत्र करून गुरुमाउलीही म्हणतात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या प्रदेशात ही हाक कोणालाही शिकवावी लागत नव्हती. तिला शास्त्राधार नव्हता असेही नाही. आई जसे सांत्वन करते तसे सांत्वन करणारा देव यशयाच्या ग्रंथात आहे. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वतः येशूच्या तोंडी आहे. परंतु हे उल्लेख मिशनच्या उपासनेत संबोधनाच्या पदवीला पोचले नव्हते. शास्त्रात असूनही प्रार्थनेत नसलेली गोष्ट टिळकांनी प्रार्थनेत आणली.

या संबोधनात एक अडचणही होती, आणि ती नजरेआड करणे योग्य नव्हे. गुरू अनेक असू शकतात. ख्रिस्ती मताप्रमाणे मात्र ख्रिस्त अनेकांतील एक नव्हे. तेव्हा ‘गुरू’ या शब्दाने जवळीक साधताना सिद्धान्त सैल होतो की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. टिळकांचे उत्तर तार्किक नसून भक्तीचे आहे. गुरू अनेक असले तरी आई एकच असते. गुरूला माउली जोडताच त्याचे अनन्यत्व आपोआप प्रस्थापित होते.

४

या उपासनेचा सामाजिक पाया पाहिल्याखेरीज तिचे मोल ठरत नाही. टिळक जन्माने चित्पावन ब्राह्मण; अहमदनगरकडील मंडळीतील बहुसंख्य लोक मात्र महार आणि मांग समाजांतून आलेले. जवळिकीची जी भाषा टिळक आणीत होते, ती या लोकांच्या पूर्वजांचीही होती, पण एका अटीवर. चोखामेळ्याचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी होते. चोखामेळ्याला मात्र महाद्वाराबाहेर राहावे लागले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ मध्ये. म्हणजे टिळकांच्या हयातीत देवाला माउली म्हणणारा भक्त दाराबाहेर आणि दार उघडे असलेल्या प्रार्थनामंदिरातील भक्त परक्या चालीत, अशी स्थिती होती. आरंभी मोकळीक आणि जवळीक यांत जो भेद केला, तो येथे केवळ कल्पनेतील राहत नाही. अहमदनगरच्या मंडळीत ओळीने बसून अभंग गाणाऱ्यांच्या बाबतीत तो, निदान त्या घटकेपुरता, मिटत होता.

तो मिटणे किती कष्टाचे होते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ पासून प्रसिद्ध) दिसते. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि एकत्र आल्यावरही सोवळे पाळीत होत्या. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या, मग सर्वांच्या हातचे घेऊ लागल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षणीय आहे. पंक्तीतील अंतर आधी सुटले, उपासनेतील अंतर मागाहून.

५

सप्टेंबर १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यात भाऊ म्हणून येतील असा समुदाय त्यांना हवा होता. ही घटना टिळकांच्या मनस्वी स्वभावाचे फळ म्हणून सांगण्याची प्रथा आहे. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ती त्यांच्या उपासनेतून क्रमाने निघालेली दिसते. गीताचा छंद आपला, चाल आपली, हाक आपली. पण ती हाक मारणाऱ्याची उपजीविका परदेशातून आलेल्या निधीवर चाललेली. ऐकणाऱ्याला त्या हाकेत नोकरीचा आवाज ऐकू येत असेल तर जवळीक टिकत नाही, आणि मग प्रार्थनेच्या मोकळिकीचेही मोल उरत नाही. वेतन सोडण्याने टिळकांनी आपल्या अभंगातील एक विसंगती दूर केली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरती लाभली नाहीत, आणि संस्थापकामागे तो त्या रूपात टिकला नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यात देशी आश्रमजीवनाची आकांक्षा वेगळ्या रूपाने पुढे गेली. टिळकांची गीते मात्र मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत स्थिर झाली आणि आजही गाइली जातात.

तात्पर्य, जवळीक वारशाने देता येते. ती छंदात, चालीत आणि संबोधनात साठून राहते व पुढच्या पिढीच्या जिभेवर सहज बसते. मोकळीक अशी साठवता येत नाही. १६६२ मध्ये तिच्यासाठी स्थानभ्रष्ट झालेल्यांच्याच परंपरेत पुढे गीतांच्या चाली साचेबंद झाल्या. आणि बाप्तिस्म्याची सीमा ओलांडू पाहणाऱ्या टिळकांची गीते तेवढी चर्चने ठेवली, त्यांचा दरबार ठेवला नाही. म्हणून मराठी ख्रिस्ती उपासनेचा अभ्यास करणाऱ्याने गीतसंग्रहाच्या पृष्ठांवर थांबून चालणार नाही. ते गीत कोण गातो, कोणाच्या शेजारी बसून गातो आणि त्या गाण्याचा खर्च कोण सोसतो, हे तीन प्रश्नही त्याने विचारले पाहिजेत. टिळकांनी ते स्वतःला विचारले होते, आणि त्यांतील तिसऱ्याचे उत्तर वेतन सोडून दिले होते.