ताख्यात

ताख्यात : धातूला 'त' असलेले प्रत्यय लागून होणारे मराठी क्रियापदाचे रूप. शाळेच्या पुस्तकात यालाच साधा वर्तमानकाळ म्हणतात : मी बसतो, तू बसतोस, ती बसते, आम्ही बसतो, तुम्ही बसता, ते बसतात. काळ, अर्थ, पुरुष, वचन दाखवणाऱ्या रूपाला 'आख्यात' ही जुनी संज्ञा आहे आणि त्यात जे अक्षर उठून दिसते त्यावरून त्याचे नाव पडते. 'बसला' हे लाख्यात, 'बसावा' हे वाख्यात, तसे हे ताख्यात. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात ही व्यवस्था विस्ताराने आली आहे. संकेतार्थी 'तो येता तर' यातल्या रूपाला द्वितीय ताख्यात म्हणतात. या नोंदीत पहिल्याचाच विचार आहे.

रूपे करण्याची रीत सोपी आहे. धातू घ्यावा, पुढे 'त' आणि त्यापुढे पुरुष-लिंग-वचनाचा स्वर. धातूच्या शेवटी दीर्घ ई-ऊ असले तर ते ऱ्हस्व होतात : पी-पितो, धू-धुतो. याहून अधिक तोशीस पडत नाही. जाणे, येणे, करणे, म्हणणे ही क्रियापदे भूतकाळात गेला, आला, केला, म्हणाला अशी अंगात आल्यासारखी वागतात. वर्तमानकाळात मात्र जातो, येतो, करतो, म्हणतो अशी मुकाट रांगेत उभी राहतात. अपवाद एकच, 'आहे'. पण 'असणे'लाही स्वतःचे ताख्यात आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. 'तो लालबागला आहे' म्हणजे आत्ता तिथे गेला आहे. 'तो लालबागला असतो' म्हणजे त्याचे बिऱ्हाड तिथे आहे.

मराठीचा हा वर्तमानकाळ मुळातला नव्हे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत वर्तमानकाळाचे रूप 'करी', 'करिती' असे होते आणि त्याची नाळ थेट संस्कृत 'करोति'शी जुळते. पुढे ते मागे सरकले. आज 'आजी रोज पहाटे उठे, जात्यावर बसे' यात ते रीतिभूतकाळ दाखवते आणि ई-आख्यात म्हणून ओळखले जाते. त्याची जागा घेतली 'करत' या धातुसाधिताने, म्हणजे 'करणारा असा' या अर्थाच्या विशेषणवजा शब्दाने. विशेषण म्हटले की लिंग आले. म्हणून मराठीत काम करणारा पुरुष 'करतो', बाई 'करते', मूल 'करतं'. अनेकवचनात हे लिंग गळून पडते; ते, त्या, ती सगळे 'करतात'.

स्पॅनिशशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा उघड होतो. तिथे नियमित क्रियापदांचे तीन गण आहेत, मूळ रूपाच्या शेवटावरून ओळखायचे : आर, एर आणि ईर. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' काढला की आब्लो (मी बोलतो किंवा बोलते), आब्लास (तू), आब्ला (तो, ती), आब्लामोस (आम्ही), आब्लाइस (तुम्ही), आब्लान (ते, त्या). 'कोमेर', म्हणजे खाणे, याची रूपे कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. ईर गण फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन घरांत एर गणापासून वेगळा होतो. लॅटिनमधला वर्तमानकाळ इथे झिजला, पण टिकला. धातुसाधिताला त्याच्या जागी बसावे लागले नाही, म्हणून लिंगही आले नाही. सहाही रूपे निराळी असल्यामुळे सर्वनाम सहसा बोलतच नाहीत. आदरार्थी 'उस्तेद' मात्र तृतीयपुरुषी रूप घेते, आपल्या 'आपण करता'सारखे द्वितीयपुरुषी अनेकवचन नव्हे.  

मराठीत एकटे 'करतो' हे रूप मी, तो आणि आम्ही या तिघांचेही असू शकते. 'करते' हे मी, ती आणि ते (मूल) यांचे. पूर्वी लेखनात तरी एक खूण होती : 'मी करितों' यावर अनुस्वार, 'तो करितो' यावर नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आणि ती खूण गेली. नियम योग्यच होता. न उच्चारलेले किती दिवस लिहायचे? पण सर्वनामावरचा भार वाढला तो वाढलाच. 'होणे'च्या बाबतीत गोंधळ आणखी आहे. 'मी होतो' याचा अर्थ 'मी बनतो' की 'मी तिथे होतो', हे पुढचेमागचे वाक्यच सांगते.

त्या 'करितों'मधली ऱ्हस्व 'इ'ही लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या मराठीत सकर्मक धातू ही 'इ' घेत (करितो, मारितो) आणि अकर्मक घेत नसत (बसतो, उठतो). त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी मराठीत क्रियापदांचे दोन वर्ग मानले. स्पॅनिशच्या आर-एर-ईर यांचे हे दूरचे चुलत भावंड म्हणता येईल. फरक एवढाच की तिथला गण शब्दाच्या शेवटावरून कळतो आणि इथला वर्ग कर्म आहे की नाही यावरून. ताख्यातात हा भेद आता मेला आहे. भविष्यकाळात मात्र तो धुगधुगतो : बसेन, पण करीन. 'करेन' ऐकले की जुन्या पिढीतले शिक्षक अजून कपाळाला आठ्या घालतात.

ही सगळी मांडणी मराठीत पहिल्यांदा मुद्रित रूपात आणणाऱ्यांपैकी एक, दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२), हे मुंबईत गिरगावालगतच्या खेतवाडीत जन्मले. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये निघाले तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते. इंग्रजी व्याकरणाच्या सांगाड्यावर मराठी बेतल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र साचा परका असला तरी आत भरलेली रूपे त्यांच्या कानावरची होती. त्याआधी दोन शतके गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले होते. ते १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि त्यात युरोपीय साचा आणखी ठळक आहे.

गिरगावातल्या चाळींमधून जुन्या ब्राह्मणी घरांत बायका 'मी येत्ये', 'मी जात्ये' म्हणत. ते पुस्तकात आले नाही. त्याहून मोठी गोष्ट पुस्तकाबाहेर राहिली ती परळ-लालबागची. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून माणसे आली आणि आपापले ताख्यात घेऊन आली. मालवणीत 'मी करतंय', 'तू करतंस', 'तो करता', 'ती करता', 'ते करतत'. यात लिंग नाही : बाई आणि बुवा, दोघेही 'करतंय'. म्हणजे प्रमाण मराठीपेक्षा हे स्पॅनिशच्या वळणाला जवळचे आहे. शेजारच्या खोलीत कोल्हापूरकडचे बिऱ्हाड असले, तर तिथली मुलगी 'मी जातो' म्हणते आणि तिच्या आईला त्यात काही वावगे वाटत नाही. शाळेत मालवणी आणि कोल्हापूरकडच्या, दोन्ही घरांतल्या मुलींना 'जाते म्हण' असे शिकवले गेले. प्रमाण रूप शिकवायला हरकत नाही. दुसऱ्याला चूक म्हणण्याचे कारण नव्हते, कारण 'करतंय-करतंस-करता' ही तितकीच नियमित सारणी आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने (१९८०) मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून ही रूपे व्यावसायिक रंगभूमीवर आणली आणि मालवणी न येणारा प्रेक्षकही ती सहज समजून हसू लागला.

उपयोग. ताख्यात नेहमीची रीत सांगते (दादरला उतरतो), नजीकचा भविष्यकाळ सांगते (उद्या येतो) आणि इतिहास सांगताना भूतकाळाची जागा घेते (महाराज आग्र्याहून निसटतात). निघताना 'जातो' न म्हणता 'येतो हं' म्हणायची पद्धतही याच रूपावर उभी आहे.

नकार आला की चित्र बदलते. धातुसाधित उघडे पडते आणि प्रत्यय 'नाही'कडे जातात : तू करत नाहीस, ते करत नाहीत. लिंगही नाहीसे होते. 'तो करत नाही', 'ती करत नाही'. होकारात, बोलताना, 'आहे' मात्र ताख्यातालाच चिकटते आणि करतोय, करतेय, करतोयस, करताय, करतायत अशी चालू वर्तमानाची नवी रांग तयार होते. रोजच्या मुंबईच्या मराठीत ही रूपे 'करत आहे'पेक्षा कितीतरी अधिक कानावर पडतात. शाळेच्या काळांच्या तक्त्यात मात्र अजून 'करत आहे'च छापलेले असते.