दहा वर्गांत मावलेले राज्य

राज्यव्यवहारकोशाचे नाव निघाले की आपल्याकडे एकच गोष्ट सांगतात : शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत आणवले. ते खरेच आहे. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि त्याच दशकात महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनी हा कोश सिद्ध केला. शब्द सुमारे चौदाशे. पण मंडळी, मला या कोशात शब्दांपेक्षा त्यांची मांडणी अधिक मोलाची वाटते.

आमच्या सोलापुरात एका वस्तूला मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशी चार नावे सहज मिळतात. म्हणून बाजार अडत नाही! प्रतिशब्द मिळणे त्या मानाने सोपे. चौदाशे शब्द कोणत्या शेजाऱ्याजवळ बसवायचे, हे ठरवणे अवघड.

मोल्सवर्थचा १८३१ चा कोश किंवा माधव जूलियनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश अकारविल्हे आहे. तिथे हा प्रश्नच येत नाही, कारण अक्षर ठरवते. रघुनाथपंतांनी अमरकोशाची जुनी वर्गांची वाट धरली, पण वर्ग मात्र स्वतःचे केले. अमरसिंहाची रचना विश्वाची आहे. स्वर्ग, आकाश, दिशा, पाताळ, मग पृथ्वी, वनस्पती, मनुष्य आणि पुढे चार वर्णांचे चार वर्ग. राजा, सैन्य, शस्त्रे सगळी क्षत्रियवर्गात, व्यापार वैश्यवर्गात. म्हणजे काम कोणाच्या जातीचे, यावरून शब्दाची जागा.

आता राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग पाहा. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. स्वर्ग-पाताळ गेले, वर्णही गेले. राहिली ती कामे. ही यादी म्हणजे राज्याच्या कारभाराचा नकाशाच म्हणा ना.

माझा भाचा बँकांच्या संगणकप्रणाली रचणाऱ्या कंपनीत आहे. तो सांगतो, आज्ञावली लिहिण्याआधी ते खाते, ग्राहक, कर्ज, तारण, शाखा असे बँकेतले शब्द गोळा करतात आणि त्यांचे गट पाडतात. त्या गटांना ते 'सब्जेक्ट एरिया' म्हणतात. भांडण कशावरून होते, तर तारण कर्जाच्या गटात घालायचे की मालमत्तेच्या! मला हसू आले. हाच पेच दारूगोळ्याबाबत रघुनाथपंतांपुढेही असणार : शस्त्र म्हणून मोजायचा, की किल्ल्याच्या कोठारातला माल म्हणून?

शस्त्रे आणि सैन्य यांना वर्ग असताना दुर्गांना वेगळा वर्ग कशाला, असे कोणी विचारील. सभासदाची बखर वाचली की उत्तर मिळते. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांची नेमणूक असे. सबनिसाकडे लिखापढी, सरनोबताकडे शिबंदी. कोठाराला कारखानीस निराळा. फौज, कागद, धान्य सारे एका तटाच्या आत, पण एका माणसाच्या मुठीत नाही. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. असा गड चतुरंगात कोंबला असता तर तो नुसती छावणी ठरला असता. लेखनाला स्वतंत्र वर्ग मिळाला, हेही मला तितकेच बोलके वाटते. अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखान्याबरोबर दफ्तरखाना असतोच.

शब्दांचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच. सचिव आणि मंत्री आजही आहेत. पण दफ्तर, हवालदार, तहसीलही कुठे गेले नाहीत. शब्दांवर राजाज्ञा अर्धीच चालते. असो.

एका गोष्टीचे मात्र मला नवल वाटते. अमरसिंहाने पाण्याला वारिवर्ग दिला होता. महाराजांचे आरमार कोश होण्याच्या आधीच उभे होते, सिंधुदुर्गाचे काम १६६४ साली सुरू झाले होते. तरी या दहांत समुद्राला स्वतःचा वर्ग नाही. आरमार हा तेव्हा दुर्गांचाच विस्तार मानला जात होता का? की कोशकाराची हयात दक्षिणेच्या दरबारात गेल्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर समुद्र नव्हता?